‘ड्रिव्हन’ माणसाला हाकणारा कोण? पाचाड, इ. स. १६७४

१/
‘ड्रिव्हन’ हा इंग्रजी शब्द नोकरीच्या अर्जांतून निघाला आणि बघता बघता आपल्या इतिहासविषयक पोस्ट, रील्स आणि व्याख्यानांत येऊन बसला. अमुक सरदार ‘ड्रिव्हन’ होता, तमुक मोहिमेमागे जबरदस्त ‘ड्राइव्ह’ होता, अशा धर्तीची वाक्ये आपण सगळेच वाचतो. शब्द परका आहे ही तक्रार नाही. मराठीने फारसी, अरबी, पोर्तुगीज शब्द आनंदाने पचवले आहेत. प्रश्न वेगळा आहे : हा शब्द इतिहासाला लावला की काय दिसते आणि काय झाकले जाते?

२/
त्याची परीक्षा एका गावाच्या आणि एका वर्षाच्या आधाराने करू. गाव पाचाड, रायगडाच्या पायथ्याचे, महाड तालुक्यातले. वर्ष १६७४. या एका वर्षात फेब्रुवारी ते जून एवढ्या अवधीत सरनौबत प्रतापराव गुजर नेसरीला पडले, इंग्रजांचा वकील पाचाडास येऊन थांबला, रायगडावर राज्याभिषेक झाला आणि पाचाडच्या वाड्यात जिजाबाईंचे देहावसान झाले. माणसाला पुढे कोण आणि काय नेते, हे तपासण्यासाठी याहून चांगली जागा सापडणे कठीण.

३/
आधी शब्द. ‘ड्राइव्ह’ हे इंग्रजीतले फार जुने, जर्मन कुळातले क्रियापद. त्याचा मूळ संसार गुराख्याचा : जनावरे पुढे घालून हाकणे. मग वारा पाऊस हाकतो, लाटा जहाज हाकतात, हातोडा खिळा आत ठोकतो, सारथी गाडी हाकतो. मोटार फार नंतर आली. या सर्व उपयोगांत एक गोष्ट समान आहे : बळ मागून येते आणि ज्याच्यावर ते चालते त्याची संमती कोणी विचारत नाही. खिळ्याला आणि बैलाला कोण विचारतो?

४/
‘ड्रिव्हन’ हे त्या क्रियापदाचे कर्मणी रूप : हाकलेला, लोटलेला. माणसाबद्दल त्याचे तीन उपयोग होतात आणि तिन्हींचा सूर वेगळा आहे. ‘ड्रिव्हन टू’ म्हणजे नाइलाजाने एखाद्या टोकाला नेला गेलेला : निराशेकडे, कर्जाकडे, वेडाकडे. ‘ड्रिव्हन बाय’ म्हणजे अमुक एका गोष्टीने प्रवृत्त : भुकेने, सूडाने, श्रद्धेने. आणि नुसते ‘ड्रिव्हन’ म्हणजे ध्येयाने पेटलेला, थांबायचे नाव न घेणारा. पहिला उपयोग कीव करतो, दुसरा कारण सांगतो, तिसरा कौतुक करतो.

५/
तिसऱ्या उपयोगात एक गंमत घडली आहे. वाक्यातून हाकणारा नाहीसा झाला. कोणी हाकले, कशाने हाकले, हे सांगण्याची गरजच उरली नाही. जणू हाकणारा माणसाच्या आत बसलेला आहे. या समजुतीला विसाव्या शतकातील मानसशास्त्राने बळ दिले. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट वुडवर्थ यांनी १९१८ साली ‘ड्राइव्ह’ ही संज्ञा शास्त्रीय अर्थाने वापरात आणली : प्राण्याला कृतीस प्रवृत्त करणारे अंतर्गत बळ. फ्रॉइडचा जर्मन शब्द ‘ट्रीब’ हाही याच कुळातला.

६/
‘मग महत्त्वाकांक्षी म्हणा की’ असे कोणी सुचवील. पण तो शब्द निराळा. महत्त्वाकांक्षेत माणूस स्वतः काहीतरी मागतो. ती ‘आकांक्षा’ त्याची असते. इंग्रजी ‘ॲम्बिशन’चे मूळ तर लॅटिनमधील ‘फिरणे’ या अर्थाच्या शब्दात आहे : रोममधील उमेदवार मते मागत दारोदार फिरत, त्यावरून तो निघाला. शेक्सपिअरच्या ‘ज्युलियस सीझर’मध्ये सीझर महत्त्वाकांक्षी होता हे वाक्य स्तुतीचे नाही, आरोपाचे आहे. महत्त्वाकांक्षी माणसाला जबाबदार धरता येते. ‘ड्रिव्हन’ माणसाला धरावे की त्याला हाकणाऱ्याला, हे त्या शब्दावरून कळत नाही.

७/
आता आपल्याकडे पाहू. ‘हाकणे’ मराठीतही गुरांचे, गाडीचे. पण मराठीने ते क्रियापद एका अनपेक्षित ठिकाणी नेले : आपण ‘कारभार हाकतो’, ‘राज्याचा गाडा हाकतो’, ‘संसाराचा गाडा हाकतो’. म्हणजे लक्ष हाकल्या जाणाऱ्यावर नाही, कासरा हातात असलेल्यावर आहे. माणसाला ‘हाकलेला’ म्हटले तर आपल्या कानाला तो अपमान वाटतो आणि ‘हाकलला’ म्हटले तर त्याला घालवूनच दिले. हा फरक लक्षात ठेवावा. शेवटी तो कामास येणार आहे.

८/
मग ‘ड्रिव्हन’च्या जागी मराठी काय म्हणते? एक शब्द नाही, अनेक आहेत, आणि त्यांचे गट पडतात.
मागून लोटणारे : रेटा, दबाव, भरीस पडणे.
पुढून खेचणारे : ओढ, आस.
वरून धरणारे : झपाटणे, पछाडणे, भारणे, वेड लागणे.
आतून पेटणारे : ईरेला पेटणे, जिद्दीला पेटणे.
इंग्रजी शब्दात बळाची एकच दिशा आहे, मागून पुढे. मराठीत बळ चारही बाजूंनी येते आणि ते कोणत्या बाजूने आले हे शब्दच सांगतो.

९/
यातले काही शब्द बारकाईने पाहण्यासारखे आहेत. ‘झपाटलेला’ आणि ‘पछाडलेला’ ही दोन्ही ‘ड्रिव्हन’सारखीच कर्मणी रूपे. भुताने झपाटावे तसे ध्येयाने झपाटले. बळ बाहेरचे, माणूस त्याच्या ताब्यात. ‘जिद्द’ हा अरबीतून आलेला शब्द. मुळात त्याचा अर्थ विरोध, उलट बाजू. म्हणून जिद्दीला कोणीतरी समोर लागतो : प्रतिस्पर्धी, अडथळा, नाही म्हणणारा. आणि ‘प्रेरणा’ संस्कृत ‘ईर्’ या धातूपासून, म्हणजे हलवणे, चालना देणे. प्रेरित माणसामागे प्रेरक असतोच.

१०/
त्याहून महत्त्वाचे आहे ते क्रियापद. ‘त्याला ध्यास लागला’ आणि ‘त्याने ध्यास घेतला’. पहिल्या वाक्यात ध्यास येऊन चिकटला, दुसऱ्यात त्याने तो उचलला. वेड ‘लागते’, ओढ ‘लागते’. जिद्द मात्र ‘धरावी’ लागते, पण ‘करावा’ लागतो. एवढ्या लहानशा फरकात माणसाचे स्वातंत्र्य किती आणि परिस्थितीचे बळ किती, याचा निवाडा मराठी बोलणारा नकळत करून टाकतो. जुन्या मराठीत यासाठी एक सुंदर जोडी आहे : कर्ता आणि करविता. करणारा एक, करवून घेणारा दुसरा. ही जोडी घेऊन आता १६७४ मध्ये जाऊ.

११/
प्रसंग पहिला : फेब्रुवारी, नेसरी.
आधीच्या वर्षी, १६७३ मध्ये, उमराणीजवळ प्रतापराव गुजरांनी आदिलशाही सरदार बहलोलखानाला कोंडीत पकडले आणि मग जाऊ दिले. खान पुन्हा चालून आला. महाराज संतापले. सभासदाच्या बखरीत महाराजांनी पाठवलेल्या निरोपाचा आशय असा येतो की बहलोलखानाचा निकाल लावा, नाहीतर तोंड दाखवू नका. कृष्णाजी अनंत सभासदाने ही बखर जिंजीला राजाराम महाराजांसाठी लिहिली. म्हणजे घटनेनंतर सुमारे दोन दशकांनी, पण त्या पिढीच्या आठवणीत.

१२/
२४ फेब्रुवारी १६७४ रोजी नेसरीजवळ प्रतापराव मूठभर स्वारांनिशी खानाच्या फौजेवर तुटून पडले आणि मारले गेले. ही बातमी इंग्रजी कागदांतही आहे. मुंबईकर इंग्रजांचा दुभाषी नारायण शेणवी तेव्हा रायगडी आला होता. एप्रिलमधील त्याच्या पत्रात प्रतापराव सहा घोडेस्वारांसह पडल्याचे आणि बाकीची फौज त्यांच्या पाठीमागे न आल्याचे कळवले आहे. ‘सात’ या आकड्याला असा जवळच्या काळातील आधार आहे.

१३/
आता हा प्रसंग सांगताना आपण कोणता शब्द वापरतो? बहुधा ‘वेड’. वेड हा वरून धरणारा शब्द. तो वापरला की सात वीर तेजाने उजळतात, पण महाराजांचा तो कठोर निरोप पडद्याआड जातो. कागद मात्र ‘रेटा’ दाखवतात : धन्याचा शब्द, गेलेली अब्रू, परत दरबारात उभे राहण्याची बंद झालेली वाट. इंग्रजीच्या तीन उपयोगांपैकी येथे ‘ड्रिव्हन टू’ लागू पडतो आणि आपण कौतुकाचा ‘ड्रिव्हन’ वापरून मोकळे होतो.

१४/
यात प्रतापरावांचे शौर्य उणे होत नाही. उलट प्रसंगाचे वजन वाढते. सरनौबत म्हणजे सगळ्या घोडदळाचा प्रमुख; तो असा गेला तर फौज उघडी पडते, हे त्यांच्याइतके दुसऱ्या कोणाला ठाऊक असणार? आणि निरोप पाठवणाऱ्यालाही त्या शब्दांचे मोल नंतर कळले. प्रतापरावांची कन्या जानकीबाई महाराजांनी राजारामांसाठी सून म्हणून घरात आणली. सरनौबतपद हंबीरराव मोहित्यांकडे गेले. कर्त्याची आठवण आपण ठेवली. करवित्याला, म्हणजे त्या निरोपाला, विसरलो. महाराज विसरले नव्हते, असे या सोयरिकीवरून म्हणता येते.

१५/
प्रसंग दुसरा : मे, पाचाड.
मुंबईचा इंग्रज गव्हर्नर जेराल्ड ऑन्जिअर याने हेन्री ऑक्झिंडन याला वकील म्हणून रायगडी पाठवले. सोबत दुभाषी नारायण शेणवी. मंडळी पाचाडास पोहोचली तेव्हा महाराज गडावर नव्हते. प्रतापगडी भवानीच्या दर्शनाला गेले होते. इंग्रजांना पायथ्याशी मुक्काम करावा लागला. निराजीपंतांशी बोलणी तिथेच सुरू झाली आणि २२ मे रोजी वर येण्याचा हुकूम मिळाला. (या थ्रेडमधील तारखा त्या काळच्या जुन्या पद्धतीच्या आहेत.)

१६/
पाचाडातील ही प्रतीक्षा फार बोलकी आहे. व्यापारी वकिलाच्या दृष्टीने राजा ‘अनुपस्थित’ होता. राजाच्या दृष्टीने तो नेमका तिथे होता जिथे अभिषेकापूर्वी असायला हवे. त्याने भवानीला सोन्याचे छत्र वाहिले. स्वतःच्या डोक्यावर छत्र धरण्याआधी देवीच्या डोक्यावर धरले. करविता कोण, या प्रश्नाला सतराव्या शतकातील हे उत्तर. आपण ते मानू वा न मानू. पण त्या काळचा माणूस स्वतःच्या कृतीचे बळ कुठून येते असे समजत होता, हे इतिहासकाराने नोंदवलेच पाहिजे. ‘ड्रिव्हन लीडर’ म्हटले की हे सारे पुसले जाते.

१७/
इंग्रजांच्या मागण्यांत एक कलम फुटलेल्या जहाजांचे होते. वादळाने किनाऱ्यावर लोटलेले जहाज आणि त्यावरील माल मूळ मालकाला परत मिळावा, असे त्यांचे म्हणणे. इंग्रजीत अशा जहाजालाही ‘ड्रिव्हन’च म्हणतात. महाराजांच्या बाजूने हरकत घेतली गेली : किनाऱ्याला लागलेले जहाज परत देणे कोकणच्या रिवाजात बसत नाही, आणि तुम्हाला दिले तर फ्रेंच, डच यांनाही द्यावे लागेल.

१८/
म्हणजे रायगडावर या क्रियापदाच्या मूळ अर्थावरच वाद झाला होता. वाऱ्याने लोटलेल्या वस्तूवर हक्क कोणाचा : ती जिथून निघाली त्याचा की ती जिथे लागली त्याचा? लोटणाऱ्या वाऱ्याला तर न्यायालयात उभे करता येत नाही. दोन्ही पक्षांनी वाऱ्याला बाजूला ठेवले आणि माणसांच्या जबाबदारीविषयी बोलणी केली. इतिहासाच्या अभ्यासकाला यातून धडा घेता येतो. ‘परिस्थितीने लोटले’ एवढ्यावर विवेचन संपत नाही. तिथून ते सुरू होते.

१९/
याच मुक्कामातील एक लहान गोष्ट मला राज्याभिषेकाच्या थाटापेक्षा अधिक मोलाची वाटते. इंग्रजांना बोकडाचे मांस पुरवणारा एक खाटीक होता, फार म्हातारा. त्याने या पाहुण्यांना एका महिन्यात जेवढे मांस विकले, तेवढे आधी कित्येक वर्षांत विकले नव्हते. असे गिऱ्हाईक दिसते तरी कसे, हे पाहण्यासाठी तो त्या वयात गड चढून वर आला. वकिलातीच्या वृत्तांतात ही नोंद आहे. खाटकाचे नाव त्यात नाही.

२०/
त्याला कोणी हाकले? कोणीच नाही. हुकूम नव्हता, निरोप नव्हता, पैसा पायथ्याशीच मिळत होता. रायगड समुद्रसपाटीपासून सुमारे २७०० फूट उंच, आणि म्हातारा केवळ कुतूहलापोटी चढला. ‘पोटी’ हा शब्दही पाहा : कुतूहलापोटी, प्रेमापोटी, भीतीपोटी. मराठीत कारण माणसाच्या पोटात राहते. १६७४ च्या त्या मोठ्या उन्हाळ्यात राजे, वकील, सरदार यांच्या हेतूंवर ग्रंथ लिहिले गेले. निव्वळ स्वतःच्या इच्छेने गड चढलेला हा एक माणूस मात्र तळटीपेत राहिला.

२१/
प्रसंग तिसरा : हिरकणी.
रायगडाच्या पश्चिम कड्याची ही कथा सर्वांना पाठ आहे. पायथ्याच्या वाडीतील गवळण दूध घेऊन वर आली, कोजागिरीला उशीर झाला, दरवाजे बंद झाले, आणि घरी तान्हे बाळ असल्याने ती रात्री कडा उतरून गेली. ही लोककथा आहे आणि लोककथा म्हणूनच ती वाचावी. त्या परंपरेचे खरे मोल शब्दात आहे. आपण कधीही ‘हिरकणी झपाटली होती’ किंवा ‘तिने जिद्द धरली होती’ असे सांगत नाही. सांगतो ते ‘लेकराच्या ओढीने उतरली’.

२२/
ओढ म्हणजे पुढून येणारे बळ. कासरा मागच्या माणसाच्या हातात नाही; दोर पुढे, पाळण्याला बांधलेला आहे. ‘ड्रिव्हन’ या शब्दाला हे चित्र काढताच येत नाही, कारण त्याच्या कल्पनेत बळ नेहमी पाठीमागे असते. वारकऱ्याला पंढरीची ओढ लागते, सासुरवाशिणीला माहेराची. आज एसटी स्थानकांवरील स्तनपानाच्या कक्षांना ‘हिरकणी कक्ष’ म्हणतात. नाव ठेवणाऱ्यांनी कथेचा गाभा बरोबर ओळखला : कडा नव्हे, बाळ.

२३/
प्रसंग चौथा : जून, पुन्हा पाचाड.
६ जूनला राज्याभिषेक झाला. अकरा दिवसांनी, १७ जून १६७४ रोजी, पाचाडच्या वाड्यात जिजाबाई गेल्या. परंपरेने त्यांचा जन्म १२ जानेवारी १५९८ चा मानला जातो. त्या हिशेबाने वय ७६. गडावरची थंड हवा उतारवयात मानवेना, म्हणून महाराजांनी त्यांच्यासाठी पायथ्याशी वाडा बांधला होता. आज तिथे तटाचे आणि जोत्यांचे अवशेष आहेत, विहिरी आहेत. समाधी गावातच आहे. रायगडावर जाणारे अनेक जण तिच्या जवळून जातात आणि थांबत नाहीत.

२४/
जिजाबाईंविषयी आपला ठरलेला शब्द ‘प्रेरणा’. प्रेरणास्थान, प्रेरणामूर्ती, आणि अलीकडे ‘स्वराज्याचा ड्राइव्ह’. शब्द गौरवाचा आहे, खोटाही नाही. पण तो त्यांना कायम दुसऱ्याच्या कर्तृत्वामागे उभे करतो. त्या गोष्टी सांगतात, संस्कार करतात, स्वप्न देतात. करतो तो मुलगा. म्हणजे जिजाबाई केवळ करवित्या. कर्त्या म्हणून त्या आपल्या वाक्यांत फारशा येत नाहीत.

२५/
कागद काय सांगतात? त्यांच्या नावाने निघालेली पत्रे आहेत, वतनाच्या तंट्यांतील निवाडे आहेत. आणि १६६६ मध्ये महाराज आग्र्यास गेले तेव्हा मागे राज्याची जबाबदारी जिजाबाईंवर सोपवलेली होती. आदल्याच वर्षी पुरंदरच्या तहात तेवीस किल्ले गेलेले, राजा शत्रूच्या राजधानीत नजरकैदेत, परत येईल की नाही याचा भरवसा नाही. अशा महिन्यांत गडकोट जागेवर राहिले, कारभार चालू राहिला. ही प्रेरणा नव्हे. याला मराठीत ‘कारभार हाकणे’ म्हणतात.

२६/
सातव्या पोस्टमधला फरक येथे कामास येतो. इंग्रजी ‘ड्राइव्ह’ नामाच्या रूपात वापरले की जिजाबाई एक बळ होतात, वाऱ्यासारख्या. आणि वाऱ्याला निर्णय नसतो, चूक नसते, श्रेयही नसते. मराठी ‘हाकणे’ वापरले की त्यांच्या हातात कासरा दिसतो. ज्या स्त्रीने सत्तरीकडे झुकताना राजाविना राज्य सांभाळले, तिला नुसते स्फूर्तीचे नाव देणे म्हणजे आदराने केलेला अन्याय आहे. आणि हा अन्याय एका जिजाबाईंपुरता नाही. इतिहासातील कितीतरी स्त्रियांना आपण अशीच ‘प्रेरणा’ करून ठेवले आहे.

२७/
मग ‘ड्रिव्हन’ शब्द टाकून द्यायचा का? गरज नाही. तो भेटला की तीन प्रश्न विचारावेत.
बळ कुठून आले : मागून, पुढून, वरून की आतून?
ते सांगणारा कागद कोणाचा आणि केव्हाचा?
आणि हा शब्द वापरल्याने कोणाची जबाबदारी किंवा कोणाचे श्रेय वाक्यातून गळाले?
नेसरीत निरोपाची जबाबदारी गळते, पाचाडात जिजाबाईंचे श्रेय गळते. शब्द एकच, नुकसान दोन तऱ्हांचे.

२८/
पुढच्या खेपेस रायगडावर जाल तेव्हा पाचाडला थोडा वेळ थांबा. गडावर सिंहासनाची जागा आहे, तिथे कोण बसले हे सर्वांना माहीत आहे. खाली वाड्याच्या जोत्यावर उभे राहिले की दुसरा प्रश्न सुचतो : राजा दूर असताना हा गाडा कोणी हाकला?

थ्रेड इथे संपतो. तुमच्या भागात, तुमच्या घरात ‘ड्रिव्हन’ माणसासाठी कोणता शब्द वापरतात तो रिप्लायमध्ये जरूर लिहा. आणि त्या शब्दात बळ कोणत्या बाजूने येते तेही. आवडला तर पुढे पाठवा.